घागरेवाल्यांची पंगत

शनिवार, १० ऑक्टोबर १९८७

पोचले. एकदाची पोचले, आणि धडधाकट पोचले. विमानात शेजारची बाई रडत होती, मी झोप काढली. लंडनला शशी न्यायला आला होता. शशिकांत, माझा थोरला, इथे लीड्सला हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिथून मोटारीनं चार तास. दोन्ही बाजूंना हिरवंगार, आणि माणूस दिसेल तर शपथ. मेंढ्याच मेंढ्या.

घर झकास आहे. दगडी, दुमजली. दोन महिन्यांपूर्वी एका म्हाताऱ्या मास्तरणीकडून घेतलं, ती आता म्हाताऱ्यांच्या होममध्ये राहायला गेली. खालपासून वरपर्यंत गालिचा. मोरीतसुद्धा गालिचा! मी सुनेला, अलकाला, विचारलं, बाई, इथे आंघोळ करायची की भजनाला बसायचं? ती हसली. हसते चांगली, दात दाखवून. नळ दोन, एकातून उकळतं, एकातून बर्फ. मधलं काही मिळत नाही.

नात मीनल दहा वर्षांची, इथलाच जन्म. मला निरखून बघून म्हणते, आजी, तुझी नाक माझ्यासारखा आहे. म्हटलं, तुझं नाक माझ्यासारखं आहे, मी आधी आलेय.

ही वही शशीनं दिली. औषधवाल्यांनी फुकट दिलेली, तारखा छापलेली. म्हणाला, आई, दिवसभर एकटी असशील, लिहीत जा. मी चौथी पास, तीही मास्तरांना दया आली म्हणून. पण लिहायला काय लागतं? बोलते तसं लिहीन. वही बरी, मध्येच तोंड घालत नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर

आज घर नीट बघितलं. जेवायच्या खोलीत एक चित्र आहे, भिंतीएवढं. त्या मास्तरणीनं ते मागेच ठेवलं. चौकट खोलीतच ठोकलेली म्हणे, दारातून बाहेर निघतच नाही. अलकाला आवडतं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते.

मला आधी वाटलं तमाशातल्या बाया. बघते तर मिशाळ बाप्ये! गुडघ्यापर्यंत चुण्याचुण्यांचे पांढरेशुभ्र घागरे, वर जरीच्या बंड्या, लाल टोप्यांना गोंडे, कमरेला वाकड्या तलवारी आणि चांदीमढल्या बंदुका. डोंगरात खडकावर दोन रांगांत बसलेत. आभाळ लाल, मागे कुठेतरी धूर. अकरा जण मोजले. दहांची तोंडं दिसतात, सगळे आभाळाकडे बघतायत, जसं काही तिकडून पालखी येतेय. अकरावा कडेला, आपल्याकडे पाठ करून.

शशी म्हणाला, हे ग्रीस देशातले लढवय्ये. दीडशे वर्षांमागे तुर्कांशी लढले, देश सोडवला. चित्र काढणारा लढाईत नव्हताच, नंतर कुठल्या शहरात बसून त्यानं काढलं. ते सांगायलाच नको. एकाच्याही पायाला चिखल नाही. डोंगरात लढणाऱ्या माणसाचा घागरा कोण धुऊन देतं इतका?

मंगळवार, १३ ऑक्टोबर

सकाळी आठाला तिघं जातात. शशी हॉस्पिटलात, अलका कौन्सिलच्या हापिसात, मीनल शाळेत. चारपर्यंत मी आणि घड्याळ. पोस्टमन येतो, तो दारातल्या फटीतून कागद ढकलून पळतो. बोलेल तर जीभ झिजेल त्याची.

मग मी त्या घागरेवाल्यांशी बोलते. हसायचं काय त्यात, दुसरं आहे कोण?

आज एक गोष्ट ध्यानात आली. दोन रांगांच्या मधे चादर अंथरली आहे. पांढरी, घड्या दिसतायत. आणि चादरीवर काही नाही. भाकरी नाही, पाण्याचं भांडं नाही. माणसं जेवायला बसवलीत आणि वाढलंच नाही!

रात्रीच्या जेवणात शशीला विचारलं. तो म्हणाला, मास्तरणीनं गोष्ट सांगितली होती. गावच्या बाया भाकरी घेऊन वर येणार होत्या. पण खाली गाव पेटवलं, तोच तो धूर, आणि बाया काही आल्या नाहीत. हे अकराजण उपाशीच लढायला गेले. एकही परतला नाही, कुणाचं प्रेतही मिळालं नाही. ती पुढे म्हणाली होती की खरी-खोटी मला माहीत नाही, माझ्या आत्यानं सांगितली.

मी भात कालवला, पण घास जाईना. समोर पंगत ताटकळलेली आणि आपण जेवायचं, हे मला कधी जमलेलं नाही.

शनिवार, १७ ऑक्टोबर

ट्रंक उपसली. लुगड्यांच्या तळाशी तो कागद आहे. तो तसाच ठेवला.

लिहितेच आता, वही कुणाला सांगणार आहे. मला दोन मुलगे. धाकटा फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईत, डिसेंबरात, सरहद्दीवर छांबकडे गेला आणि सापडला नाही. मेला असं कुणी म्हटलं नाही. बेपत्ता म्हणाले. लग्नाला आठ महिने झाले होते. त्याची बायको सुप्रभा वीस वर्षांची होती, आता छत्तीसची आहे. कऱ्हाडात माझ्याजवळच राहिली, शाळेत शिकवते. सोळा वर्षं कुंकू लावते, मंगळसूत्र घालते, हळदीकुंकवाला बोलावतात तिला. पण बायका तिच्याकडे बघून एकमेकींना खुणा करतात.

बारा वर्षं झाली तेव्हा भटजी आले होते. पळसाच्या पानांचा देह करून जाळायचा विधी असतो म्हणाले, म्हणजे जीव सुटतो. मी त्यांना चहाही न देता वाटेला लावलं. पानं जाळा तुमच्या घरची.

आता सुप्रभाच्या शाळेतले हेडमास्तर तिला मागणी घालतायत. बायको वारलेली, माणूस बरा आहे. मला न्यायला टॅक्सी आली तेव्हा तिनं हा कागद हातात दिला. कोर्टात द्यायचा. माझा मुलगा हयात नाही असं मी मानते, असं माझ्या नावानं टाईप केलंय, खाली सही करायची. म्हणाली, आई, तिकडे शांतपणे विचार करा, मग पाठवा. डोळ्यांत पाणी आणलं नाही. आणलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

सही केली की मीच त्याला मारला. हे तिला कसं कळणार? तिनं आठ महिने बघितला. मी पंचवीस वर्षं.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

दिवाळी. इथे फटाका नाही, सुट्टी नाही. शशी ड्युटीवरून सातला आला, मग लक्ष्मीपूजन. करंज्या मी केल्या, अलकानं तळल्या, मीनलनं कडा खाऊन मधलं सारण टाकलं. एक कानाखाली द्यावीशी वाटली, पण सणाचा दिवस.

सणाला धाकट्याचं पान मी वाढतेच. कुठेतरी असेल, उपाशी असेल, त्याच्या नावानं वाढलं की पोचतं. घरी माझ्या उजव्या हाताला पाट असतो. इथे टेबलाला चारच खुर्च्या. अलका म्हणाली, आई, तिथे ठेवा ना. तिथे म्हणजे त्या चित्राखालच्या लांब कपाटावर. ठेवलं. वरणभात, तूप, बटाट्याची भाजी, एक करंजी. पाणी फिरवलं.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

सकाळी ताट लख्ख. पुसल्यासारखं. अलकाला वाटलं मी खाल्लं, मला वाटलं तिनं उचललं. मीनल म्हणाली, मी नाय. शशी म्हणाला, उंदीर असतील. उंदीर ताटाखालचा थेंबही पुसतात का रे डॉक्टर?

दुपारी एकटी असताना चित्रापुढे उभी राहिले. त्या मोकळ्या चादरीवर, पाठ केलेल्या माणसासमोर, एक करंजी आहे. रंगवलेली. माझी नक्षी, कडेची मुरड माझ्या हातची. रंग जुना, त्याला बारीक तडेसुद्धा गेलेत बाकीच्या चित्रासारखे.

अलका आल्यावर दाखवली. ती म्हणाली, हो, ब्रेड आहे तो, आधीपासून होता की. माझ्या तोंडाकडे बघून तिनं मला चहा करून दिला.

सोमवार, २६ ऑक्टोबर

आधीपासून नव्हता. माझे डोळे शाबूत आहेत. सुईत दोरा ओवते मी.

आणि आज दुसरं दिसलं. दहाही जण आभाळाकडे बघत नाहीत. खाली बघतायत. करंजीकडे.

मी मोठ्यानं म्हटलं, अरे, एकाला वाढली, तुमची राहिली, चुकलंच माझं. थट्टेनंच म्हटलं. पण घरात कुणी नसताना आपली थट्टा आपल्याला बरी वाटत नाही.

रविवार, १ नोव्हेंबर

घरात एक गंमत झालीय. जेवून उठलं तरी पोट भरत नाही. परवा शशीनं आठ पोळ्या खाल्ल्या, मग पाव, मग पुन्हा फ्रिज उघडून उभा. अलकाचा पट्टा दोन भोकं आत गेला. ती खूश, म्हणते आईंच्या हातच्या जेवणानं वजन उतरतं. मीनलच्या गळ्याची हाडं दिसायला लागलीत. भात शिजतो, ताटात पडतो, पोटात जातो. आणि मग कुठे जातो?

जेवताना कुणी चित्राकडे पाठ करून बसलं की मला त्याच्या डोक्यावरून त्या मिशा दिसतात. मिशा उतरल्यात. आधी पीळ होता.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

आज धुक्यानं खिडक्या पांढऱ्या. दिवे लावून बसले. दुपारी बारा वाजता गरम वरणभात कालवला, वर तूप, लिंबू, आणि त्याच कपाटावर एकच ताट ठेवलं. मुद्दाम. बघायचंच होतं.

स्वयंपाकघरात जाऊन हात धुतले, आले. ताट रिकामं. चादरीवर भाताची मूद.

तो पाठमोरा डावा गुडघा उभा करून बसलाय. हे इतके दिवस कसं दिसलं नाही मला? डावा गुडघा उभा, त्यावर कोपर. जेवताना असं बसू नये म्हणून मी याला किती धपाटे घातलेत. मानेवरचे केस बारीक कापलेले आहेत. फौजेत कापतात तसे. बाकीच्यांचे खांद्यापर्यंत आहेत.

मी हाक मारली नाही. नाव घेतलं नाही. पंधरा मिनिटं नुसती उभी होते. सोळा वर्षांत इतकी सुखात नव्हते. खोटं कशाला लिहू.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

रोज वाढते आहे. रोज दुपारी. तो थोडा थोडा वळतोय. कान दिसतो.

आज संध्याकाळी सहाला मीनल हात धरून मागच्या मैदानात घेऊन गेली, मागून शशी. इथल्यांचा सण आहे, मोठी होळी करतात. गर्दी, फटाके. आणि होळीवर माणूस! जुनी पँट, जुना कोट, आत पेंढा, डोक्याला टोपी. पोरं टाळ्या पिटतात आणि तो जळतो. शशीनं सांगितलं, खोटा आहे आई, जुन्या काळचा कोणी बंडखोर, दरवर्षी त्याला जाळतात.

बाही जळली तेव्हा हात वर उचलला गेला त्याचा. मला भटजी आठवले. मी मीनलला तिथेच सोडून घरी पळाले. सत्तरीला आलेली बाई, चपला हातात घेऊन पळाले.

जेवायच्या खोलीत दारूचा वास. फटाक्याच्या दारूचा. असेल बाहेरून आला. गालिच्यावर चिखलाच्या जोड्यांचे ठसे. ते माझे नाहीत, मी अनवाणी होते आणि माझे पाय एवढे मोठे नाहीत.

रविवार, ८ नोव्हेंबर

आज इथल्या लोकांचा मेलेल्या शिपायांचा दिवस. कोटाला कागदाची लाल फुलं. शशी मुद्दाम मला चौकातल्या दगडापाशी घेऊन गेला. दोन मिनिटं सगळे गप्प. एक म्हातारी माझ्याहून थकलेली, कोरलेल्या एका नावावर बोट फिरवत होती. शशी म्हणाला, आई, यातल्या कितीकांची प्रेतं मिळालीच नाहीत. तरी नाव लिहिलंय बघ.

मला कळलं तो कुठे चाललाय ते. म्हटलं, सुप्रभानं तुला पत्र लिहिलं ना? त्यानं हो म्हटलं. मी म्हटलं, तू तुझ्या भावाला गाडायला मला इथे आणलंस. त्यानं गाडी सुरू केली. घरी येऊन अलकाला म्हणाला, ती ऐकणार नाही. त्याचा आवाज लहानपणच्यासारखा झाला होता.

मी त्याला सांगणार होते की तुझा भाऊ तुझ्याच घरात बसलाय. नाही सांगितलं. डॉक्टर आहे तो, मला गोळ्या देईल.

बुधवार, ११ नोव्हेंबर

मीनल शाळेत चक्कर येऊन पडली. शशीनं तपासण्या केल्या, रक्त, लघवी, सगळं ठीक निघालं. मुलगी मात्र काडी झालीय. सकाळी तीन अंडी, पाव, दूध पिऊन गेली होती.

कुशीत घेतली. ती कानात म्हणाली, आजी, ते अंकल्स सांगतो, तू एकालाच देते. फेअर नाही.

 पोर खोटं बोलत नाही.

पंगतभेद केला मी. एकाला तूप वाढायचं आणि दुसऱ्याला कोरडं ठेवायचं, हे पाप असतं, असं माझ्या आईनं मला पहिल्यांदा शिकवलं होतं, अक्षर शिकायच्या आधी. पंगत बसली की सगळ्यांना वाढायचं. वाढणारीनं आपलंतुपलं करायचं नाही. मी आपल्या पोराला बघितलं आणि दहा जण ओलांडून गेले. ते मग माझ्या नातीच्या ताटातून घेतायत.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

अकरा ताटं वाढली. घरात ताटं सहा, बाकी कागदाच्या बशा. चार शेर तांदूळ शिजवला. संपला. पुन्हा शिजवला. अलकाचं महिन्याचं पीठ संपलं.

भरत नाही त्यांचं. जेवणाची भूक नव्हेच ती.

घागरे आता पांढरे नाहीत. चिखल, आणि दुसरं काहीतरी तपकिरी. गाल बसलेत. एकाच्या टोपीखालून कपाळ फुटलेलं दिसतं. चित्रकारानं देखणे काढले होते. आता जसे होते तसे दिसतायत. पोरं आहेत हो. मिशा खोट्या वाटाव्यात इतकी पोरं. वीस-बावीसची.

रविवार, १५ नोव्हेंबर

शशीला म्हटलं, चित्र काढ. करवतीनं चौकट काप, पण काढ. तो म्हणाला, का? मी म्हटलं, बघ त्यांच्याकडे. त्यानं बघितलं. छान आहे की, म्हणाला. घागरे चकचकीत आहेत, सूर्यास्त सुंदर आहे.

त्याला तेच दिसतं. सगळ्यांना तेच दिसतं.

सोमवार, १६ नोव्हेंबर

सुप्रभाचं पत्र. निळा कागद, तीन घड्यांचा. हेडमास्तरांची नाशिकला बदली झाली, महिनाअखेर जायचं. त्यांना उत्तर हवंय. लिहिते, आई, तुम्ही नाही म्हणालात तर मी पण नाही म्हणेन. मला तुमचा राग नाही. फक्त एकदा सांगून टाका, म्हणजे मी वाट बघणं थांबवेन. त्यांची, किंवा यांची.

एवढंच. खाली माझ्या गुडघ्याला लावायचं तेल संपलं असेल, पाठवू का, असं विचारलंय.

ही पोर सोळा वर्षं पाटावर बसलेली. पुढ्यात ताट, ताटात काही नाही. आणि वाढायची पळी माझ्या हातात.

मी घागरेवाल्यांना दोष देते. उपाशी ठेवायला मला घागरेवाले कशाला पाहिजेत.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

त्याचा घागरा गेला. हिरवट कपडे. फौजेतले. डाव्या खांद्याला फाटलेलं— आत बघवत नाही. गालाचं हाड दिसतं. दाढी वाढलेली. अजून पूर्ण वळत नाही.

समजलं मला का वळत नाही. लाज वाटतेय त्याला. मेलो म्हणून सांगायची लाज. आईनं कुणाचं ऐकलं नाही, भटजीला हाकललं, अजून ताट वाढते— तिला कसं सांगायचं?

लहानपणी काच फोडली की असाच बसायचा. भिंतीकडे तोंड करून.

बुधवार, १८ नोव्हेंबर

मीनल अंथरुणात. हात माझ्या दोन बोटांत मावतो. अलका रजा घेऊन घरी. माझ्याकडे बघत नाही. बघू नकोस बाई, बरोबर आहे तुझं.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

सही केली.

यमुना असं लिहिलं. अक्षर वाकडं, पण वाचता येतं. पाकीट स्वतः नेलं. कोपऱ्यावरच्या लाल खांबात टाकलं. एकटी पहिल्यांदाच गेले, वाट चुकले नाही. टाकल्यावर बोटं फटीत तशीच ठेवून उभी राहिले. एक गोरी बाई विचारत होती, तुम्ही ठीक आहात का. मी मान हलवली. कुठल्या अर्थी ते तिचं तिनं ठरवावं.

सुप्रभाला आत चिठ्ठी ठेवली. चारच ओळी. हो म्हण. उशीर केला. दोष माझा. तेल पाठवू नकोस, नव्या घरी ने.

घरी आले. तो तसाच बसलेला. कागदानं तो सुटत नाही. कागद सुप्रभासाठी होता. त्याचं त्याला द्यायला हवं.

उद्या अमावास्या.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

सकाळी शशी आणि अलका मीनलला घेऊन हॉस्पिटलात गेले. मोठ्या डॉक्टरांना दाखवायला. चारला येतील.

आंघोळ केली. काळे तीळ अलकाच्या डब्यात होते, लाडवासाठी आणलेले. दर्भ नाही. चालवून घ्या. बायकांनी हे करायचं नसतं म्हणतात. याला जन्म दिला तेव्हाही दुसरं कुणी नव्हतं खोलीत.

चित्राखाली गालिच्यावर बसले. तांब्या, परात, तीळ. वही मांडीवर. लिहून ठेवते, शशीला कळावं.

ओंजळ भरली. नाव घ्यायला पाहिजे. सोळा वर्षं तोंडातून काढलं नाही. काढलं की संपलं.

मोहन.

मोहन, तू मेलास. बाळा, तू मेलास, आणि मी तुला मरू दिलं नाही. हे पाणी घे.

अंगठ्यावरून पाणी सोडलं. परातीत पडल्याचा आवाज आला नाही.

तो वळला.

पंचवीसचाच आहे. मी म्हातारी झाले, तो नाही. माझ्याकडे बघितलं. रागावला नव्हता. दमलेला होता फक्त. दमलेला, आणि मग नव्हता दमलेला. उठला. वाकून जमिनीला हात लावला, मला नमस्कार करायचा तसा. त्या धुराकडे चालत गेला. जागा रिकामी. नुसता खडक.

रडले. बरं वाटलं. सुटला माझा—

उठायला गेले. उठता येईना.

दहा जण. तोंडं माझ्याकडे. सगळ्यांच्या ओंजळी पुढे.

यांना पाणी कुणी दिलंच नाही. भाकरी घेऊन निघालेल्या बाया वाटेतच— मागे कोण राहिलं होतं द्यायला? दीडशे वर्षं. भाताची भूक नव्हती ती. आता कळलं. मी एकाला दिलं, त्यांनी बघितलं. पुन्हा तेच केलं मी. एकालाच—

तर देते. सगळ्यांना देते. मीनलला सोडा. माझ्या नातीला सोडा, मी उठत नाही, पंगत उठेपर्यंत वाढणारी उठत नसते, मला शिकवायला नको—

पण नाव लागतं. नावाशिवाय पाणी पोचत नाही. मला तुमची नावं माहीत नाहीत रे.

ओंजळी चौकटीच्या बाहेर आल्यात. गार. माझ्या गुडघ्यांना लागतात. तांब्या संपत नाही. एका हातानं पाणी, एका हातानं लिहिते—

फोन वाजला. वाजून वाजून थांबला. पुन्हा. मशीनवर शशीचा आवाज, आई, मीनलनं जेवण मागितलं, पोटभर जेवली, झोपलीय, आई, उचल ना, ऐकतेस ना—

ऐकतेय रे. जेवली. बरं झालं.

पाय बधिर. अंधारतंय. धूर इकडे येतोय का खोलीत? गालिचा कुठे गेला, हा खडक आहे— चादर माझ्यासमोर—

गर्दी नका करू. एकेकानं. सगळ्यांना मिळेल, मी आहे. तू आधी. कपाळ फुटलेला, तू. सांग. माझी भाषा नको, तुझी सांग. तुझी आई तुला काय म्हणून हाक मा